दोन ओळींची दुरुस्ती आणि पंधरा वर्षांची चूक

चूक दुरुस्त करणं आणि चूक कबूल करणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं मी बरीच वर्षं मानत आलो. दुरुस्ती झाली की काम संपलं, कबुली कशाला द्यायची, असा माझा साधा हिशेब होता. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन ओळींच्या एका दुरुस्तीने हा हिशेब खोटा ठरवला. ती हकीकत इथे सांगतो आहे. ती तांत्रिक आहे म्हणून कुणी वाचायचं सोडू नये, कारण ज्याच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे.

मी पुण्यात एका लहान कंपनीत कर्नलवर काम करतो. आमच्या आत्याला बरेच दिवस वाटत होतं की मी लष्करातल्या कुणा कर्नलच्या हाताखाली आहे. हा कर्नल वेगळा. संगणक असो, फोन असो, त्यातला सगळ्यात आतला प्रोग्राम म्हणजे कर्नल. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणाला किती वेळ द्यायचा, कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे सगळं तो ठरवतो. फोनवरचं अॅप स्वतःच्या खोलीपुरतं मालक असतं. कर्नल अख्ख्या इमारतीचा मालक असतो. म्हणून अॅपमध्ये चूक झाली तर एक खोली धोक्यात येते आणि कर्नलमध्ये चूक झाली तर इमारत. अँड्रॉइडच्या पोटात जो कर्नल आहे त्याचं नाव लिनक्स. आमची कंपनी पैसे घेऊन पावती देणारं हातातलं यंत्र बनवते, त्याच्याही पोटात लिनक्सच आहे.

आता टायमरबद्दल. कर्नलमध्ये अनेक प्रकारचे टायमर असतात. त्यातला एक प्रकार भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाही, एखाद्या प्रोग्रामने प्रोसेसरचा प्रत्यक्ष किती वेळ वापरला ते मोजतो. 'या प्रोग्रामने दोन सेकंद प्रोसेसर वापरला की मला कळव' असं त्याला सांगता येतं. प्रोसेसरवर ठरावीक अंतराने टिकटिक होत असते, कर्नल कसा बांधला आहे त्यानुसार सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा. त्या टिकटिकीला कर्नल हातातलं काम थांबवून पाहतो की कुणाचा टायमर भरला का. भरलेले टायमर तो एका तात्पुरत्या यादीत काढतो, प्रत्येकावर 'हा हाताळणीत आहे' अशी खूण करतो, कुलूप सोडतो आणि मग एकेक करून इशारा देत जातो.

फट इथेच होती. ती समजावून सांगायला मला माझ्या वडिलांची मदत घ्यावी लागेल. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा तालुक्याच्या एका कचेरीत रेकॉर्ड रूमला शिपाई होते. त्यांचा एक नियम होता. कपाटातून फाइल काढून कारकुनाच्या टेबलावर गेली की तिच्या जागी चिठ्ठी ठेवायची. जुन्या फाइली रद्दीत काढायचा दिवस आला की आधी कपाट उघडून चिठ्ठी बघायची. चिठ्ठी असेल तर थांबायचं, फाइल परत येऊ द्यायची, मगच पुढचं.

आता समजा एक कारकून त्याच दिवशी निवृत्त झाला. त्याचं शेवटचं काम टेबलावर चालूच आहे, पण तिकडे कुणीतरी घाईने त्याचं नाव हजेरीतून काढलं आणि त्याचं कपाटही हलवलं. नेमका त्याच क्षणी रद्दी काढणारा येतो. त्याला कपाट सापडत नाही. तो म्हणतो, कपाटच नाही म्हणजे चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही म्हणजे फाइल बाहेर नाही. तो फाइल रद्दीत काढतो. इकडे कारकुनाचा हात अजून त्याच फाइलवर आहे. रिकाम्या झालेल्या जागी एखाद्या लबाडाने स्वतःचा कागद सरकवला, तर कारकून आपलीच फाइल समजून त्याच्यावर सही-शिक्का मारून मोकळा होईल.

लिनक्समध्ये अगदी हेच घडू शकत होतं. काम संपवून मरणाऱ्या पण नोंद अजून न काढलेल्या प्रक्रियेला तिथे झोंबी म्हणतात. अशी मरणारी प्रक्रिया एका प्रोसेसरवर टायमरच्या यादीवर काम करत असते. दुसऱ्या प्रोसेसरवर तिची पालक प्रक्रिया तिची नोंद कायमची काढून टाकते. तिसरा कुणीतरी तोच टायमर नष्ट करायला सांगतो. नष्ट करणारा नोंद शोधतो, ती सापडत नाही, म्हणून 'हाताळणीत आहे' ही खूण तो पाहतच नाही आणि टायमरची मेमरी मोकळी करतो. त्यानंतर पहिल्याचा हात त्या मोकळ्या मेमरीवर पडतो. तिथे काय असावं हे हल्लेखोराला ठरवता आलं, तर साध्या अॅपला इमारतीच्या मालकाचे हक्क मिळू शकतात.

या फटीला सीव्हीई-२०२५-३८३५२ असा क्रमांक मिळाला. गूगलच्या एका संशोधकाने ती लक्षात आणून दिली आणि जून २०२५ मध्ये दुरुस्ती कर्नलमध्ये आली. सप्टेंबर २०२५ च्या अँड्रॉइड सुरक्षा पत्रकात गूगलने लिहिलं की हिचा मर्यादित आणि नेमक्या लोकांवर रोखलेला गैरवापर होत असल्याच्या खुणा आहेत. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सिसाने, प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या फटींच्या आपल्या यादीत हिची भर घातली.

दुरुस्ती किती मोठी असेल? काम करणाऱ्या ओळी फक्त दोन. टिकटिकीच्या वेळी आधी एवढंच बघायचं की ही प्रक्रिया मरणाच्या वाटेला लागली आहे का. लागली असेल तर टायमरला हात न लावता परत फिरायचं. दादांच्या भाषेत सांगायचं तर निवृत्तीची नोंद झालेल्या माणसाच्या टेबलावर नवी फाइल काढायचीच नाही. दोन ओळींच्या वर एक टीप आहे, तिच्यात ही तपासणी का हवी ते लिहिलं आहे.

मी ती दुरुस्ती वाचली आणि खालच्या एका ओळीपाशी थांबलो. लिनक्समध्ये रीत अशी आहे की कोणतीही चूक दुरुस्त करताना ती मुळात कोणत्या बदलामुळे शिरली त्याचा क्रमांक आणि शीर्षक लिहायचं. इथे २०१० मधल्या एका बदलाचं नाव होतं. मी तो जुना बदल उघडला. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की आता मरणाची ही तपासणी करू नका, त्याऐवजी कुलूप लावून बघा. म्हणजे ही तपासणी आधी होती! २०१० मध्ये ती काढली गेली. कारणही दिलं होतं: आतली एक रचना आता कायम शाबूत राहते, त्यामुळे तपासणीची गरज उरलेली नाही. तर्क बिनबुडाचा नव्हता, फक्त एक वाट त्यातून सुटली होती. तो बदल २.६.३६ या आवृत्तीतून जगभर गेला आणि फट पंधरा वर्षं तिथे राहिली.

तपासणी काढणारा कोण होता? ओलेग नेस्तेरोव. आणि २०२५ मध्ये ती परत घालणारा? तोच. कर्नलच्या या भागातला तो जाणकार आहे, जगभरचे लोक त्याचा शब्द मानतात. त्याने दुरुस्तीखाली स्वतःच्याच पंधरा वर्षं जुन्या बदलाकडे बोट दाखवलं. 'क्षमस्व' नाही, स्पष्टीकरणाचा पाल्हाळ नाही. चूक कुठून आली ते सांगितलं आणि कोणत्या प्रकारच्या कर्नलला या दुरुस्तीची गरज नाही तेही प्रामाणिकपणे लिहिलं.

ती ओळ वाचून मला घाम फुटला, कारण मी नेमकं उलटं केलं होतं.

२०१७ ची गोष्ट. आमच्या यंत्राला कार्ड वाचणारा एक भाग जोडलेला असतो. त्याचा ड्रायव्हर मी लिहिला होता आणि त्यात एक टायमर होता. तो भाग काढला की टायमर बंद करायचा. कर्नलमध्ये टायमर बंद करायचे दोन मार्ग होते. एक नुसता बंद करतो. दुसरा बंद करतो आणि टायमरचं काम त्या क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबतो. मी दुसरा वापरला होता, तोच बरोबर होता. पण माझ्या कोडमध्ये थांबणाऱ्याने एक कुलूप धरून ठेवलं होतं आणि टायमरच्या कामालाही तेच कुलूप हवं होतं. दोघे एकमेकांची वाट बघत बसायचे आणि यंत्र गोठायचं. दुसऱ्या दिवशी माल पाठवायचा होता. रात्री अकरा वाजता मी दुसरा मार्ग काढून पहिला घातला. गोठणं थांबलं. सगळे घरी गेलो.

२०१९ मध्ये प्रयोगशाळेत एक यंत्र माझ्यासमोर कोसळलं तेव्हा मला कळलं की मी काय करून ठेवलं आहे. आता टायमरचं काम चालू असतानाच त्याची मेमरी मोकळी होत होती. लिनक्सच्या फटीचीच ही धाकटी बहीण म्हणा. मी कुलूप आधी सोडलं, थांबणारा मार्ग परत आणला आणि दुरुस्ती जमा केली. तिच्यावर शीर्षक काय लिहिलं? 'किरकोळ साफसफाई.'

का लिहिलं तसं? त्या वर्षी माझ्या बढतीचा विषय चालू होता. आमच्या घरातून इंजिनिअर झालेला मी पहिला. ऑफिसात माझी चूक ही माझ्या एकट्याची कधी मानली जाणार नाही, अशी भीती मनात घर करून होती. ती भीती निराधार होती असं मी आजही म्हणणार नाही. पण भीती खरी असली म्हणून तिच्यापायी केलेली लपवाछपवी योग्य ठरत नाही. कारण त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

झालं असं. बाहेर विकल्या गेलेल्या जुन्या यंत्रांची आवृत्ती दुसरा गट सांभाळायचा. कोणत्या दुरुस्त्या जुन्या यंत्रांना द्यायच्या, हे ते शीर्षकं वाचून ठरवत. 'किरकोळ साफसफाई' कोण कशाला देईल? त्यांनी ती सोडून दिली. त्यांची यात काही चूक नाही. खोटं शीर्षक माझं होतं.

२०२२ मध्ये दुरुस्तीला आलेल्या यंत्रांचा ढीग बघायला मला पाठवलं. तिथे पार्किंगच्या पावत्या फाडणारी एक बाई स्वतः यंत्र घेऊन आली होती. वयाने माझ्या आईएवढी. म्हणाली, "साहेब, हे मधेच बंद पडून आपोआप चालू होतं. शेवटची पावती त्यात राहत नाही. संध्याकाळी हिशेब जुळत नाही, मग सुपरवायझर माझ्या पगारातून कापतो. म्हणतो, तुम्हाला मशीन वापरता येत नाही." मी यंत्रातली नोंद काढली. कोसळण्याच्या जागी माझ्या फंक्शनचं नाव होतं.

मी तिला काय सांगितलं? "ठीक करून देतो, मावशी." एवढंच. 'चूक तुमची नाही, माझी आहे' हे वाक्य तोंडातून निघालं नाही. तिचं यंत्र मी दुरुस्त केलं, पण तिच्यासारख्या बाकीच्यांची यंत्रं तशीच राहिली.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये ती एक ओळ मला इतकी लागली.

त्या आठवड्यात आमच्याकडे बैठक झाली. आमच्या यंत्रातला कर्नल ५.४ मालिकेतला. नव्या कर्नलमध्ये टायमरचं हे काम वेगळ्या पद्धतीने करण्याची सोय आहे, ती चालू असेल तर ही फट लागू होत नाही. ५.४ मध्ये ती सोय नाही. म्हणजे आम्ही फटीत होतो. आणि ५.४ साठी दुरुस्ती जूनमध्येच आलेली होती, आम्ही तीन महिने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. बैठकीत तीन आक्षेप आले. ते तिन्ही आपल्याकडे कुठेही ऐकू येतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

पहिला आक्षेप: "पंधरा वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?" पंधरा वर्षं काही झालं नाही हे आपल्याला कसं माहीत? आपल्याला समजलं नाही एवढंच आपण म्हणू शकतो. शिवाय दुरुस्ती उघड झाली की फटही उघड होते. दुरुस्ती वाचून फट कशी वापरायची हे शोधणारे लोक असतात. दुरुस्ती निघाल्यानंतर ती न लावणं हे ती निघण्यापूर्वीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

दुसरा आक्षेप: "आपल्या यंत्रावर बाहेरचं अॅप चालत नाही. ही फट वापरायला आधी आत शिरावं लागतं." यात तथ्य आहे आणि मी ते मान्य केलं. ही फट दूरवरून दार उघडत नाही. पण हल्ला एका पायरीत होत नसतो. एक चूक आत घेते, दुसरी मालक बनवते. पहिली चूक आपल्या यंत्रात नाहीच, अशी लेखी खात्री देणारा त्या खोलीत कुणी नव्हता.

तिसरा आक्षेप: "दोन ओळींसाठी एवढी सगळी यंत्रं परत सुरू करायला लावायची?" हा खर्च खरा होता. दिवसभर पावत्या फाडणाऱ्याला यंत्र बंद ठेवायला सांगणं सोपं नसतं. म्हणून आम्ही टप्पे पाडले, रात्रीची वेळ निवडली आणि आधी पन्नास यंत्रांवर दोन आठवडे चाचणी घेतली. खर्च आहे म्हणून काम टाळायचं नसतं, खर्चाची व्यवस्था करायची असते.

बैठक संपताना मी उभा राहिलो आणि म्हणालो, "याच अपडेटमध्ये अजून एक दुरुस्ती जायला हवी." मग २०१७ ची रात्र आणि २०१९ चं शीर्षक सगळ्यांसमोर सांगितलं. जुन्या आवृत्तीसाठी तीच दुरुस्ती नव्याने जमा केली. यावेळी शीर्षकात लिहिलं की टायमरचं काम चालू असताना मेमरी मोकळी होते, त्यामुळे यंत्र कोसळतं आणि शेवटची पावती हरवते. खाली मूळ बदलाचा क्रमांक टाकला, म्हणजे माझाच. खोली काही क्षण गप्प झाली. मग आमचे सर म्हणाले, "हे सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं. त्यापुढे आभाळ कोसळलं नाही. जुन्या यंत्रांच्या गटातल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी तिच्या दोन दुरुस्त्यांची शीर्षकं बदलून पाठवली, न विचारता.

पार्किंगवाल्या मावशींचा मी शोध घेतला. ती जागा सोडून त्या गेल्या होत्या. कापलेले पैसे त्यांना परत मिळाले नाहीत, आणि 'यंत्र वापरता येत नाही' हा त्यांच्यावरचा डाग त्यांच्यासमोर कुणी पुसला नाही. हे मी दुरुस्त करू शकलेलो नाही. म्हणूनच लिहितो आहे.

एक गोष्ट राहिली. रविवारी मी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलांना संगणक शिकवतो. ही फट समजावून झाल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, मग माझ्या फोनला दुरुस्ती आली का?" आम्ही बघितलं. त्याच्या फोनवर शेवटची सुरक्षा तारीख २०२२ ची होती. फोन त्याच्या मोठ्या भावाचा जुना. शिष्यवृत्तीचा फॉर्म, आईचं बँक खातं, सगळं त्याच फोनवर. बसलेल्या अकरा मुलांपैकी फक्त दोघांच्या फोनला चालू वर्षातली तारीख होती.

दोन ओळी जगाला फुकट मिळाल्या आहेत, कुणीही वाचू शकतो, लावू शकतो. तरी त्या या पोराच्या फोनपर्यंत पोहोचत नाहीत, कारण फोन बनवणाऱ्याने काही वर्षांनी अपडेट देणं बंद केलेलं असतं. महागड्या फोनला सात-सात वर्षं अपडेट देण्याची हमी मिळते, स्वस्त फोनला अनेकदा त्याच्या निम्मीही नाही. ज्याला नवा फोन घेणं परवडत नाही, त्याच्याच खिशात उघडी फट राहते. दुरुस्ती लिहिली म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. शेवटच्या यंत्रापर्यंत ती पोहोचली तरच झाली. मी माझ्या एका खोट्या शीर्षकाने तिला वाटेत अडवलं होतं. कंपन्या नफ्याच्या हिशेबाने अडवतात. ज्याच्या हातात यंत्र आहे, त्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय?

तेव्हा आजच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ५ सप्टेंबर २०२५ किंवा त्यानंतरची असेल तर ही फट बुजली आहे. अपडेट आलेलं असूनही तुम्ही 'नंतर' म्हणत असाल तर आज रात्री लावा. अपडेट येतच नसेल तर त्या फोनवर अनोळखी ठिकाणची अॅप घेऊ नका आणि पुढचा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: याला अपडेट किती वर्षं देणार? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल. तरी विचारा. दहा जणांनी विचारलं की तो वर विचारेल.

आणि माझ्यासारखं काम करणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन की दुरुस्तीचं शीर्षक खरं लिहा. तुमच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी पगारातून पैसे कापले जात असतात.